नकाकाकांची परवानगी

गावातल्या संग्रहालयाच्या तिसऱ्या दालनात गेली अठ्ठावीस वर्षं एक वाक्य नोकरीला आहे. "हात लावू नका." ते बोलणारा माणूस त्या वाक्याच्या मागोमाग, दोन पावलांनी येतो. आधी वाक्य, मग बुटांचा आवाज, मग राखाडी कोट आणि सगळ्यात शेवटी मिशा. या माणसाचं खरं नाव हजेरीपुस्तकात आहे आणि ते तिथेच राहतं. बाकी सगळं गाव त्यांना नकाकाका म्हणतं. सहलीला आलेल्या पहिलीतल्या कुठल्याशा मुलीनं घरी जाऊन "तिथे एक नकाकाका राहतात" असं सांगितलं आणि हां हां म्हणता ते नाव गावभर झालं. आता संचालिका मॅडमसुद्धा फोनवर "नकाकाकांना जरा वर पाठवा" म्हणतात, आणि बाजारात भाजीवाली त्यांच्या बायकोला "नकाकाकू" म्हणते. काकूंनी त्यावर एकदाच आक्षेप घेतला होता. "मी कुठे कुणाला नको म्हणते? ते खातं यांच्याकडे."

तिसरं दालन काचेचं. तिथे जुने दिवे आहेत, अत्तराच्या कुप्या आहेत, तीन पिढ्यांपूर्वीच्या औषधवाल्याच्या बाटल्या आहेत आणि मधोमध, कमरेएवढ्या ओट्यावर, निळी सुरई आहे. तीनशे वर्षांची. मान अशी ताठ, की सासरी पहिल्या दिवशी आलेली श्रीमंताघरची लेक वाटावी. ज्या घराण्यानं ती संग्रहालयाला दिली त्यांनी अट घातली होती, की तिला पेटीत कोंडायचं नाही. काच काचेतून बघायची म्हणजे चष्म्यावर चष्मा, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे सुरई आणि जनता यांच्यामध्ये दोनच गोष्टी होत्या: एक जाड दोरी आणि नकाकाका. दोरी आजवर तीनदा बदलली.

इतक्या वर्षांत नकाकाकांना माणसाच्या हाताचं जे ज्ञान झालं होतं, ते एखाद्या ज्योतिषाला असतं तर त्यानं बंगला बांधला असता. हात उठण्याआधी खांदा उठतो. खांदा उठण्याआधी माणूस उगाच इकडेतिकडे बघतो. आणि इकडेतिकडे बघण्याआधी तो जवळची पाटी फार मन लावून वाचतो. संग्रहालयातली पाटी एवढं मन लावून वाचणाऱ्यावर नकाकाकांचा पहिल्यापासूनच विश्वास नव्हता. लहान मुलं बिचारी सरळ हात घालतात, त्यांच्यात लबाडी नसते. जोडप्यातला एक जण हात पुढे करतो आणि दुसरा "अरे, नको ना" म्हणत कौतुकानं बघत राहतो. पोक्त माणसं नुसतं एक बोट लावतात आणि ते ताबडतोब खिशात घालतात, जणू बोट पकडलं गेलं तर आपण सुटू.

या सगळ्यांना नकाकाका वेळेवर गाठत. आवाज चढवायची गरजच पडत नसे. शाळेची सहल आली की दाराशीच "हात मागे!" व्हायचं, आणि चाळीस पोरं पाठीशी हात बांधून बदकांसारखी दालनभर फिरायची. त्यामुळे गावात चाळिशीच्या आतला असा एक माणूस नव्हता, ज्यानं ते वाक्य लहानपणी ऐकलं नाही. चाळिशीच्या वरचे होते, ते आपली पोरं घेऊन आले तेव्हा सापडले.

आणि खुद्द नकाकाकांनी त्या सुरईला कधी बोट लावलं नव्हतं. वर्षातून एकदा बाहेरून एक तज्ज्ञ यायचा, पांढरे हातमोजे घालून सुरई पुसायचा. पहिल्या वर्षी नकाकाका त्यालाही सवयीनं "हात लावू नका" म्हणाले आणि त्या बिचाऱ्यानं खरोखरच हात खाली घेतला.

असं सगळं सुरळीत चाललं असताना व्हीआर आलं.

मॅडमनी सगळ्यांना वर बोलावून सांगितलं, "आपल्याला आता सर्व वयाच्या प्रेक्षकांना गुंतवून ठेवायचंय. नुसतं बघून माणूस जातो. त्याला आत शिरल्यासारखं वाटलं पाहिजे." एका कंपनीनं चार चष्मे तीन महिन्यांसाठी वापरायला दिले होते. चष्मे म्हणजे आपले नाकावरचे नव्हेत. तोंडावर पितळी डबा बांधल्यासारखं ते प्रकरण दिसायचं. डोळ्यांवर चढवलं, की दालन नाहीसं आणि माणूस दुसऱ्याच जगात. अनुदान देणाऱ्या कचेरीची अट मात्र पक्की होती: सहा वर्षांच्या पोरापासून ऐंशीच्या आजीपर्यंत सगळ्यांनी हा खेळ शेवटपर्यंत बघितला, तर कायमचे चष्मे मिळतील. नाहीतर कंपनी आपले घेऊन जाईल.

तिसऱ्या दालनाच्या कोपऱ्यात पाटी लागली, 'आभासी वास्तव'. पहिल्याच दिवशी एका आजोबांनी ती वाचून विचारलं, "दोन्हीतलं नक्की काय?"

चष्म्यांबरोबर कंपनीची एक मुलगी आली. पंचविशीची, पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी, बोलणं पाण्यासारखं. दोन दिवसांत तिचं नाव चष्मेवाली पडलं आणि तिला ते आवडलंही. तिनं नकाकाकांना काम समजावलं. "काका, तुम्ही फक्त शेजारी उभं राहायचं. चष्मा घातलेल्या माणसाला आजूबाजूचं काही दिसत नसतं. तो कशावर आदळू नये, एवढं बघा."

"म्हणजे माणसांना वस्तूंपासून लांब ठेवायचं," नकाकाका म्हणाले. "मग त्यात नवीन काय?"

नवीन होतं ते चष्म्याच्या आत. चष्मा घातला की तुम्ही तीनशे वर्षांपूर्वीच्या काचेच्या कारखान्यात उभे. समोर भट्टी पेटलेली. एक दांडगा कारागीर लांब नळी फुंकतोय, नळीच्या टोकाला लालभडक गोळा फुगतोय, फुगता फुगता निळा होतोय, आणि बघता बघता आपली सुरई जन्माला येते. मग तो कारागीर तुमच्याकडे वळतो, हसतो आणि सुरई तुमच्यापुढे धरतो. तुम्ही हात पुढे करून ती घ्यायची. ते यंत्र तुमचा खरा हात ओळखत असे. घेतलीत, की मागचा दरवाजा उघडतो आणि सुरईबरोबर तुमचा प्रवास सुरू: होडीतून, बाजारातून, एका मोठ्या घराच्या जिन्यावरून, अगदी या दालनापर्यंत. नाही घेतलीत, तर काहीच होत नाही. कारागीर हसतमुखानं सुरई पुढे करून उभाच.

पहिल्या रविवारी पोरांची झुंबड उडाली. सुरई दिसायचा अवकाश, की पोरं ती हिसकावून घेत. एका मुलीनं तर कारागिराला "थँक्यू हं" म्हणून टाळीही दिली. सगळं झकास. मग पोरांचे आईबाप सरसावले.

आणि तिथेच घोडं अडलं.

पहिले आले दातांचे डॉक्टर. रोज सकाळ-संध्याकाळ दुसऱ्याच्या तोंडात हात घालणारा माणूस. चष्मा घातला, "वा! वा!" केलं, सुरई तयार झाली, कारागीर वळला, आणि डॉक्टरांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली.

"घ्या ना सर," चष्मेवाली म्हणाली.

"हो हो, बघतोय ना," डॉक्टर म्हणाले. "छान आहे." आणि चष्मा काढून निघून गेले.

मग एक बँकवाल्या बाई, मग दोघे शिक्षक, मग पोस्टातले साहेब. प्रत्येकाची तीच तऱ्हा. हात एक तर मागे, नाही तर खिशात, नाही तर पोटावर घडी घालून. आपण कुठे अडकलोय हे कुणाला कळत नव्हतं. त्यांना वाटे, खेळ एवढाच आहे. चष्मेवालीला वाटलं यंत्र बिघडलंय. तिनं सुरई चमकती केली. तिच्यावर बाण दाखवला. कारागिराच्या तोंडी "घ्या" असं वाक्य घातलं. पोरं आता दुप्पट वेगानं घ्यायला लागली, आणि मोठी माणसं दुप्पट अदबीनं उभी राहू लागली.

"काका, एकदा तुम्ही घालून बघा बरं," एका दुपारी गर्दी नसताना ती म्हणाली.

नकाकाकांनी टोपी काढून खुर्चीवर ठेवली आणि चष्मा चढवला. भट्टी दिसताच ते एक पाऊल मागे सरले. गोळा फुगायला लागला तसा त्यांचा श्वासही फुगला. सुरई झाली. अठ्ठावीस वर्षं जिच्याशेजारी उभे राहिले, ती त्यांच्यासमोर जन्माला आली. पण पुढे जे झालं ते चष्मेवालीनं नंतर आपल्या कचेरीत कितीतरी जणांना सांगितलं. कारागिरानं सुरई एका हातानं, मानेला धरून पुढे केली मात्र, नकाकाका ओरडले, "अहो, बुडाला धरा! बुडाला! दोन्ही हातांनी! कुणी ठेवलं तुम्हाला कामावर?"

"काका, तो चित्रातला आहे. तुम्ही घ्या ती."

"मी?" नकाकाका म्हणाले. त्यांचा खांदा किंचित उठला. तो त्यांनाच कळला, आणि कळताच खाली बसला. "नको, नको. ठेवा म्हणावं खाली. सावकाश."

खरं कारण कळलं ते मेहुण्याकडून. काकूंचा हा धाकटा भाऊ नळजोडणीचं काम करतो. गावातल्या एकाही मोरीत, टाकीत, भिंतीतल्या भोकात हात घालायला त्यानं कधी मागेपुढे पाहिलं नाही. तोही चष्मा घालून पाठीमागे हात बांधून उभा राहिला तेव्हा नकाकाकांनी त्याला चहाच्या टपरीवर गाठलं.

"काय रे, तुला काय झालं? तूसुद्धा?"

"भाऊजी, रागावणार नाही ना?"

"बोल की."

"हात पुढे करणारच होतो मी. पण तुमच्या बुटांचा आवाज आला." मेहुण्यानं चहाचा घोट घेतला. "दुसरीत होतो मी, ताईचं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं तुमच्याशी. तेव्हा त्या सुरईला बोट लावायला गेलो आणि मागून तुम्ही आलात. नवेनवे होता ना, आवाज फार मोठा होता. तो अजून इथे आहे." त्यानं आपल्या मानेमागे हात लावून दाखवला. "समोर कारागीर 'घ्या' म्हणतोय, पण शेजारी तुम्ही उभे. ऐकायचं कुणाचं?"

नकाकाकांनी चहा तसाच ठेवला.

चष्मेवालीकडे त्याचा पुरावा तयारच होता. कोण कुठे थांबलं, किती वेळ थांबलं, हे सगळं त्या यंत्रात आपोआप नोंदलं जात होतं. तिनं ते कागदावर काढलं आणि मॅडमपुढे ठेवलं. दहा वर्षांखालचे सगळे शेवटपर्यंत गेलेले. परगावचे पाहुणे गेलेले. गावातली मोठी माणसं सुरईशी अडकलेली. फक्त बुधवारी त्यांच्यातली निम्मी पुढे सरकली होती. बुधवार म्हणजे नकाकाकांची सुट्टी.

मॅडम वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर त्यांनी चिठ्ठी पाठवली असती. त्यांनी नकाकाकांना वर बोलावून खुर्ची दिली, आणि खुर्ची दिली तेव्हाच नकाकाका काय ते समजले.

"काका, मुदतीचे दहा दिवस राहिलेत. तुम्ही तिथे नसलात तर निदान निम्मे लोक तरी पुढे जातात. रविवारपासून तुम्ही खाली बॅगांच्या खोलीत बसा. दर्जा तोच, सगळं तेच. हुकूम मी काढतेय."

"निम्म्यांवर ती कचेरी खूश होईल?"

"नाही होणार कदाचित. पण करू काय? तुम्ही शेजारी असलात तर एकही जात नाही."

"आणि सुरई?"

"दोरी आहे ना."

बॅगांची खोली तळघरात. खिडकी नाही. माणसं येतात ती पाठ फिरवायच्याच घाईत. बॅग द्या, बिल्ला घ्या; बिल्ला द्या, बॅग घ्या. तिथे कुणी कशाकडे टक लावून बघत नाही, त्यामुळे तिथे कुणाला अडवायचंही नसतं. निवृत्तीला चार वर्षं होती. ही चार वर्षं सकाळी दालनाचे पडदे उघडताना सुरईवर पडणारी पहिली तिरीप बघत काढायची, असं नकाकाकांनी मनाशी ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं काय?

त्या संध्याकाळी ते घरी आले तेव्हा काकू पुढच्या खोलीत शाळेचे गणवेश बेतत होत्या. शिवणकामाची ही खोली म्हणजे काकूंचं दालन. कापड, खडू, टेप, आणि उजव्या हाताशी ती काळ्या मुठीची कात्री.

"चेहरा का असा? दोरी तुटली का?"

नकाकाकांनी सगळं सांगितलं. काकूंनी ऐकता ऐकता दोन बाह्या कापल्या.

"मग तुम्हीच म्हणा ना लोकांना, 'लावा हात' म्हणून. तुम्हाला घाबरतात ना, मग तुमचंच ऐकतील."

"मी?"

"नाही तर काय, मी येऊ? म्हणून बघा. इथे कुणी नाही."

नकाकाका खोलीच्या मधोमध उभे राहिले. घसा साफ केला. "ला..." ते म्हणाले. "लावा..." मिशा थरथरल्या. "...यचा नाही."

काकू इतक्या हसल्या की टाचण्यांचा डबा सांडला. दोघांनी मिळून टाचण्या वेचल्या. मग काकूंनी कात्री उचलून नवऱ्यापुढे धरली.

आता या कात्रीबद्दल सांगायला हवं. संसाराच्या एकोणीस वर्षांत तिला काकूंखेरीज कुणाचा हात लागला नव्हता. कागद कापला की कापडाच्या कात्रीची धार जाते, हे शिवणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं आणि तिच्या घरातल्या कुणालाच पटत नसतं. मुलीनं चौथीत असताना त्या कात्रीनं पुठ्ठा कापला होता, तेव्हा घरात दोन दिवस फक्त भांडी बोलत होती. दालनात सगळ्या गावाला दरडावणारे नकाकाका घरी त्या कात्रीपासून हातभर लांबून जात.

"धरा," काकू म्हणाल्या. "खडूच्या रेघेवरून कापा."

"अगं, बिघडेल."

"बिघडू दे. धरा म्हणते ना मी?"

नकाकाकांनी कात्री धरली. जड होती, थंड होती आणि हातात अशी बसली की जणू वाटच बघत होती. करकर करत कापड दुभंगलं. रेघ सुटली, बाही तिरकी गेली, पण ते टोकापर्यंत कापत गेले. कात्री खाली ठेवली तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि मिशांखाली हसू होतं.

"कसं वाटलं?"

"चोराला घरमालकानंच किल्ली दिल्यासारखं."

"ही स्वयंपाकघरातली सुरी असती तर वाटलं असतं?"

"छे. ती काय, कुणीही घेतं."

"मग?" काकूंनी तिरकी बाही बाजूला ठेवली आणि नवं कापड ओढलं. "तुमच्याकडे तर अठ्ठावीस वर्षांचं 'नको' साठलंय. आता तेवढ्याच किमतीचं 'हो' जरा मोकळ्या हातानं वाटा की. आणि आता उठा, मला काम आहे. परत हात लावलात तर बघा."

शनिवार हा नकाकाकांचा तिसऱ्या दालनातला शेवटचा दिवस. चष्मेवालीनं त्यांना संकोचानं सांगितलं, की आज तुम्ही बाहेर व्हरांड्यात थांबा, म्हणजे आम्हाला फरक कळेल. ते व्हरांड्यात थांबले. आपल्याच दालनाच्या दाराबाहेर उभं राहताना त्यांना तिकीट न काढता आल्यासारखं वाटत होतं.

अकराच्या सुमारास मोठ्या बाई आल्या. गावच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, वय एक्क्याऐंशी, हातात काठी, आवाज अजून घंटेसारखा. वर्षानुवर्षं शाळेच्या सहली त्याच घेऊन यायच्या. 'हात मागे' करण्याची मूळ कल्पना कुणाची यावर त्यांचं आणि नकाकाकांचं आजही एकमत नव्हतं. व्हरांड्यात त्यांना बघून बाई थबकल्या.

"तू बाहेर का? शिक्षा झालीय?"

"तसंच म्हणा."

"बरं झालं," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

चष्मा चढला. भट्टी, नळी, लाल गोळा. बाईंनी "शाबास" म्हणून कारागिराला मोकळेपणानं दाद दिली. मग सुरई पुढे आली, आणि बाईंनी काठी चष्मेवालीच्या हातात देऊन दोन्ही हात पाठीमागे नेले. ते बघून रांगेतल्या दहा-बारा जणांचे हातही आपोआप मागे गेले.

"बाई, घ्या ना ती. हात पुढे करा," चष्मेवाली काकुळतीला आली.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"तू कोण?"

"मी... कंपनीची."

"तुला कुणी विचारलंय? मी वर्षानुवर्षं हजारो पोरांना इथे हात मागे ठेवायला लावलं. आज कंपनी म्हणते म्हणून मी हात पुढे करू? तो मिशीवाला कुठे गेला? त्याला बोलाव."

नकाकाका दारातून सगळं बघतच होते. ते आत आले. बुटांचा आवाज झाला तशी रांग ताठ झाली. बाईंना काही दिसत नव्हतं, पण त्यांनी आवाजाच्या रोखानं मान वळवली.

"घेऊ का रे?" बाईंनी विचारलं. सगळ्या शाळेला धाकात ठेवणारा तो आवाज या वेळी एकदम बारीक झाला होता. पहिल्या बाकावरची मुलगी पाणी प्यायला जाऊ का विचारते, तसा.

 नकाकाकांच्या तोंडात जुनं वाक्य तयारच होतं, ते नेहमीच तयार असतं. त्यांनी ते गिळलं. आवंढ्याबरोबर मिशा खालीवर झाल्या.

"लावा हात, बाई," ते म्हणाले. मग आणखी जरा स्पष्ट, जसं ते जुनं वाक्य म्हणत तसंच: "लावा हात."

बाईंचे दोन्ही हात पाठीमागून निघाले. सुरकुतलेले, शिरांचे, इतकी वर्षं खडू धरलेले ते हात हवेत हळूहळू पुढे गेले आणि कशाभोवती तरी अलगद मिटले. बाई हसल्या. कुणी कधी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. समोरचे सगळे दात दिसले, आणि त्यातले दोन नव्हते हेही दिसलं.

"किती हलकी आहे रे ही!"

"त्यात वजन नसतंच, आजी," चष्मेवाली म्हणाली.

"तू थांब. अरे, खरी पण अशीच हलकी आहे का?"

"माहीत नाही, बाई," नकाकाका म्हणाले. "मी कधी उचलली नाही."

बाईंनी पुढचा सगळा प्रवास केला. होडीत बसताना त्यांनी नकाकाकांचा दंड इतका घट्ट धरला, की त्यावर चार बोटांच्या खुणा उठल्या. चष्मा उतरवल्यावर त्या भिंतीजवळच्या बाकावर बसल्या आणि त्यांनी घरी जायला साफ नकार दिला. "मला बघायचंय कोण कोण घेतंय ते."

मग काय, रांगच लागली. प्रत्येक जण चष्मा घालायचा, सुरईपाशी यायचा आणि मान वळवून विचारायचा, "काका, लावू?" नकाकाका म्हणायचे, "लावा." कुणी किंचाळलं, कुणी डोळे पुसले, कुणी "एका हातानं की दोन्ही हातांनी?" असं विचारून घेतलं. बँकवाल्या बाई दुसऱ्यांदा रांगेत उभ्या राहिल्या. दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यावर 'थोड्या वेळात येतो' अशी पाटी लावली. मेहुणा कामावरून पाना हातात घेऊनच आला आणि परवानगी मिळाल्यावर सुरई इतका वेळ कुरवाळत बसला, की मागच्यांनी आरडाओरडा केला. "गप्प बसा रे," तो चष्म्याआडून म्हणाला, "दुसरीपासून थांबलोय मी." नुसतं बघायला आलेल्या एका परगावच्या पाहुण्यालाही रांगेत शिरायचं होतं. पण त्याला कुणी कधी अडवलंच नव्हतं, म्हणून नकाकाकांनी आधी त्याला दालनभर फिरवून तीन ठिकाणी व्यवस्थित दरडावलं आणि मगच चष्मा दिला. तो म्हणाला, फार मजा आली.

गलका ऐकून मॅडम खाली आल्या. चष्मेवालीनं नाचतच त्यांच्यापुढे कागद धरला. अकरापासूनचे सगळेच्या सगळे शेवटपर्यंत गेले होते, सहा वर्षांच्या पोरापासून एक्क्याऐंशीच्या बाईंपर्यंत. मॅडमनी कागद वाचला, रांगेकडे बघितलं, नकाकाकांकडे बघितलं.

"मॅडम, तुम्ही घालून बघितलाच नाही अजून," चष्मेवाली म्हणाली.

"मला कुठे वेळ..." म्हणत म्हणत मॅडमनी चष्मा घातला. भट्टी पेटली. गोळा फुगला. कारागीर वळला. आणि संग्रहालयाच्या संचालिकेचे दोन्ही हात गुपचूप पाठीमागे गेले.

"सहावी ब," मोठ्या बाई बाकावरून म्हणाल्या. "खिडकीजवळची."

रांगेत हशा पिकला. मॅडमचे कान लाल झाले, पण हात सुटले नाहीत.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "सुरई समोर आलीय."

"हो, मॅडम."

"मग?"

"मग काय, मॅडम?"

"म्हणा ना ते. सगळ्यांना म्हणताय."

नकाकाकांनी पाठीशी हात बांधले. त्यांना काही घाई नव्हती.

"मॅडम, त्याचं असं आहे. ती परवानगी तिसऱ्या दालनाच्या माणसानं द्यायची असते. मी आहे आता बॅगांच्या खोलीचा. पायांनी इथे आहे, पण मनानं खाली जाऊन बसलोय."

"काका!"

"खालून बिल्ला हवा असेल तर देतो."

मॅडमना हसू आवरेना, पण डोळ्यांवर चष्मा असल्यामुळे ते सगळं तोंडावरच जमा झालं. "बरं बाई, रद्द. तो हुकूम रद्द. तुम्ही इथेच. चार वर्षं."

"मोठ्या बाई, ऐकलंत ना?"

"ऐकलं. आणि हिनं शब्द मोडला तर मी आहेच."

"काका, आता तरी लावू का हात? लोक बघताहेत हो!"

नकाकाका दोन पावलं पुढे आले. बुटांचा आवाज झाला आणि दालन शांत झालं.

"एवढी कसली घाई, मॅडम? तीनशे वर्षांची आहे ती. आधी नुसती बघा. मान बघा कशी काढलीय. बुडाशी निळा रंग कसा दाट झालाय, तो बघा. आत एक बुडबुडा राहिलाय बारीक, दिसला?"

"कुठे?... हो! दिसला."

"झालं बघून?"

"झालं."

"मग लावा."